होल्टर

मुठीत मावेल एवढा डबा, छातीवर चार-सहा चिकटपट्ट्या आणि त्यांच्या वायरी. हृदयाचे ठोके नोंदवणारा होल्टर दिसायला एवढाच. पण एकदा लावला की २४ तास सोबत सोडत नाही. जिना चढताना, जेवताना, झोपेतही. वावडं बहुधा फक्त अंघोळीचं. अमेरिकेतल्या मोंटानात नॉर्मन होल्टर यांनी केलेलं याचं मूळ यंत्र तब्बल ३८ किलोंचं होतं, पाठीवर वाहावं लागे.

धडधड मोठी लबाड. रात्री दोनला छाती धडधडते, सकाळी दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत. साध्या ईसीजीत हृदय दिसतं जेमतेम १० सेकंद. कागद ‘नॉर्मल’ येतो आणि घरचे म्हणतात, “तू फार टेन्शन घेतेस.” बायकांना हे जरा जास्तच ऐकावं लागतं, आणि त्याचा मला राग येतो.

होल्टर असं काही बोलत नाही. तो दिवसभरातले लाखभर ठोके नोंदवत राहतो. सोबत एक कागद मिळतो. त्यावर ‘४.१०, भांडी घासताना’ एवढं लिहिलं तरी डॉक्टर नेमकी त्या मिनिटाची पट्टी काढून बघतात. ठोके हळूहळू ९० वरून १३० वर गेले असतील, तर ताप, शरीरातलं पाणी कमी होणं, रक्तक्षय, थायरॉईड, कडक कॉफी, दम्याचा पंप, सर्दीची गोळी, नाहीतर खरोखरच भीती, असं काहीतरी मागे असतं. पण ८० चे एकाएकी १८० झाले आणि तसेच झटक्यात थांबले, तर बहुधा हृदयातली वीज आडवाटेला लागलेली असते. त्यावर चांगला इलाज आहे, पुष्कळदा कायमचा. ठोक्यांना तालच नसेल, तर एट्रियल फिब्रिलेशनची शंका येते. त्यात रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होण्याचा धोका असतो, म्हणून ते वेळेत सापडायलाच हवं.

त्या दिवशी धडधडलंच नाही, तर मात्र होल्टर रिकाम्या हाताने परततो. मग जास्त दिवसांचं यंत्र लावतात. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन त्याला कळत नाही, त्यासाठी रक्त तपासावंच लागतं.

धडधडीबरोबर छातीत दुखलं, दम लागला किंवा शुद्ध हरपली, तर होल्टरची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. एरवी तो अंगावर असताना नेहमीची सगळी कामं करा, चहाही घ्या, आणि तेवढा कागद भरायचा कंटाळा करू नका.