गजरापासून सुरू होणारं गाणं

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात सोयाबीन, तूर आणि कापसाचा जसा हंगाम असतो तसाच गाण्यांचाही असतो. गाणी तशी वर्षभर वाजतात, पण नवीन माल ठरावीक दिवसांतच येतो. 12 जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊ जयंती, त्याच्या आधी जिजाऊ-शिवरायांची गाणी. माघात शेगावला प्रकटदिन, म्हणून गजानन महाराजांची. मार्च संपत आला की 14 एप्रिलसाठी भीमगीतं. आषाढीच्या तोंडावर विठ्ठल, मग गणपती, मग देवी. पूर्वी हा माल खामगावात कॅसेटच्या दुकानात यायचा. पुढे मोबाइलच्या दुकानात वीस रुपयांत मेमरी कार्डात भरून मिळू लागला. आता यूट्यूबवर येतो. आणि गेली बरीच वर्षं प्रत्येक नव्या गाण्याच्या मागोमाग आठ दिवसांत त्याचं 'डीजे मिक्स' येतंच. कधी कधी मिक्स आधी कानावर पडतं आणि मूळ गाणं नंतर कळतं.

तर मंडळी, आज या मिक्सबद्दल लिहायचंय. घाबरू नका, 'आजकालच्या पोरांना काही पवित्र राहिलं नाही' छापाचं लिहिणार नाही. ते लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातले निम्मे वरातीत सगळ्यांत पुढे असतात :)

देवाच्या किंवा महापुरुषाच्या गाण्यावर नाचावं का, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. पडणार कसा? आषाढी करून शेगावची पालखी परत येते तेव्हा खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा तिच्यासोबत चालायला अख्खा जिल्हा लोटतो. पांढऱ्या कपड्यातले टाळकरी रांगेत पावली खेळत असतात. पुढे पाऊल, मागे पाऊल, एक गिरकी, टाळ डोक्यावर. हा नाचच आहे की. कोणी त्याला नाच म्हणत नाही, एवढंच. फुगडी तर आमच्या आजीने साठी ओलांडल्यावर घातलेली आहे.

पण त्या नाचाला एक क्रम असतो. भजन कधीही उड्या मारत सुरू होत नाही. आधी नामस्मरण, मग रूपाचा अभंग, तोही सावकाश. मृदंग अगदी जपून वाजत असतो. मग एकेक चरण. मुख्य गायक म्हणणार, मागचे झेलणार. गती हळूहळू चढते, आणि सगळे चरण होऊन गेले की मग गजर. तिथे शब्द जवळजवळ संपतात, नुसतं नाव उरतं. तेच नाव पुन्हा पुन्हा, दुप्पट लयीत, आणि माणसं जमिनीवरून उचलल्यासारखी उडायला लागतात. गजर हा शेवट आहे. आधीच्या चरणांनी तो कमावलेला असतो.

डीजे मिक्स गजरापासून सुरू होतं. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. खरं तर पोस्ट इथेच संपवता आली असती, पण मग तुम्ही म्हणाल नेहमीसारखं अर्धवट लिहून पळाला.

मागे ऑफिसमधल्या एका मित्राने मला अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधली गाणी दिली होती, ज्याला गॉस्पेल म्हणतात. मी ऐकायला लागलो आणि चाटच पडलो. हे तर आपलंच भजन! तिथेही सुरुवात सावकाश, मग गायक एक ओळ टाकतो, मागचा ताफा उत्तर देतो, लय चढते, आणि शेवटी एकच ओळ घोळवत घोळवत लोक बाकांवरून उठून नाचायला लागतात. अरेथा फ्रँकलिन 1972 च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री गायली, त्याची 'अमेझिंग ग्रेस' ही ध्वनिमुद्रिका आहे. त्यातलं त्याच नावाचं गाणं दहा मिनिटांहून जास्त चालतं आणि एकेका शब्दावर ती इतका वेळ थांबते, की आमच्याकडचा एखादा जुना विणेकरी खूश झाला असता.

देवाचं गाणं नाचायला न्यावं का, हा वाद त्यांच्याकडेही झालाय. थॉमस डॉर्सी, ज्याला गॉस्पेलचा जनक म्हणतात, तो आधी बारमध्ये ब्लूज वाजवायचा, म्हणून चर्चवाल्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली. पुढे 1954 मध्ये रे चार्ल्सने उलटा प्रवास केला. चर्चची चाल घेतली आणि तीत बाईवरचं गाणं बसवलं. लोक चिडले, पण त्यातून सोल नावाचं अख्खं संगीत उभं राहिलं. 1982 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका चर्चमध्ये सेलेस्टियल क्वायर नावाच्या गायकवृंदाने 'स्टँड ऑन द वर्ड' नावाचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तबकड्या निघाल्या थोड्याशाच. त्यातल्या काही क्लबातल्या डीजेंच्या हाती लागल्या, आणि चर्चमधलं ते गाणं रात्री दोन-तीन वाजता घामाघूम माणसं नाचायला लागली. ते गाणं अजूनही नव्या नव्या मिक्समध्ये निघतं. मला त्यात एक गोष्ट फार आवडली. ते नाचाच्या फरशीवर गेलं, पण शब्दांसकट गेलं.

आपल्याकडेही भक्ती आणि नाच यांच्यात भिंत नव्हतीच. प्रल्हाद शिंदे यांचंच घ्या. कव्वाली त्यांनी गायली, विठ्ठलाची गाणी गायली, भीमगीतं गायली, आणि तिन्ही ठिकाणी तोच डोंगरावरून हाक मारल्यासारखा आवाज. त्यांचा मुलगा आनंद शिंदे 1980 च्या दशकात, कॅसेट स्वस्त झाल्या तेव्हा, पोपटाच्या गाण्याने घराघरांत पोचला, आणि तोच गळा जयंतीला भीमगीतंही गात राहिला. नातू आदर्शचा आवाज 'दुनियादारी'त (2013) गाभाऱ्यातल्या देवाला हाक मारतो आणि 'पोश्टर गर्ल'मध्ये (2016) बापासोबत डीजेला आवाज वाढवायला सांगतो. एकाच घरात तीन पिढ्या, आणि देऊळ, जयंती, वरात सगळं एकाच गळ्यात. त्यामुळे 'हे गाणं इथलं, ते तिथलं' अशी वाटणी करणाऱ्यांनी आधी शिंदे घराण्याची वाटणी करून दाखवावी.

मग बिघडतं कुठे? यासाठी माझ्या भाच्याकडे चला.

माझा भाचा डीजे आहे. गाडी, जनरेटर, बेस, टॉप, फिरते दिवे, सगळं कर्जावर. लग्नसराईत सुपाऱ्या घेतो आणि रिकाम्या दिवसांत संगणकावर मिक्स बनवतो. मागच्या दिवाळीत त्याच्या शेजारी बसून मी ते काम बघितलं. पहिल्यांदा तो जुन्या गाण्यातून गायकाचा आवाज वेगळा काढतो. हे काम आता संगणकच करून देतो. मग अडचण सुरू होते. जुनी गाणी हाताने वाजवलेली. ढोलकीवाला मुखड्याला एका लयीत असतो, अंतऱ्यात जरा रेंगाळतो, परत येताना धावतो. मशीनचा ठोका मात्र ठरलेला, तो इकडचा तिकडे होत नाही. म्हणून आवाज ओढूनताणून त्या ठोक्यावर बसवावा लागतो. मुखडा लगेच बसतो, कारण तो छोटा आणि ठसक्याचा. अंतरा बसवायला दोन-दोन तास जातात. मग भाचा काय करतो? मुखड्याचे चार तुकडे करतो, खाली हलगी आणि संबळ टाकतो, मध्ये स्वतःच्या डीजेचं नाव जोरात घेतो आणि पुन्हा मुखडा.

मी म्हटलं, "अरे, अंतरे कुठे गेले?"

"मामा, लोकायले नाचाचं असते. अंतरा लागला का लोकं पाणी प्याले जातात."

त्याचं चूक आहे असं मला म्हणता येईना. चौकात प्रत्येक गाडीला थोडा वेळ मिळतो, मागची गाडी भोंगा वाजवत असते, समोर पोलीस घड्याळ दाखवत असतात. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद, हा नियम 2000 सालापासून आहे. निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादाही त्याच नियमात आहे. (ती आमच्या भाच्याची गाडी नुसती सुरू होतानाच ओलांडते. म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं, खिडक्या थरथरतात. त्यावर वेगळी पोस्ट लिहीन. ताई, तुझा फोन येणार हे मला माहीत आहे.) अशा घाईत अंतरा कोण ऐकणार?

पण भीमगीतांच्या बाबतीत अंतरा गेला की काय जातं, ते मला एका मावशींमुळे कळलं. खामगावातल्या माझ्या शाळेतल्या मित्राच्या या आई. शाळेत गेल्या नाहीत, आयुष्य जिनिंगमध्ये सरकी वेचण्यात गेलं. पण महाडचं तळं 1927 चं, नाशिकचं काळाराम मंदिर 1930 चं आणि नागपूरची दीक्षा 1956 ची, हे त्या ओळीने सांगतात. कुठे शिकल्या? गाण्यांत. एका अंतऱ्यात तळं, दुसऱ्यात मंदिर, तिसऱ्यात दीक्षा. वामनदादा कर्डकांसारख्या माणसांनी हजारो गाणी लिहिली ती काही चाल सुचली म्हणून नाही. त्यांची स्वतःची अक्षरओळख मोठेपणी झालेली. ज्यांच्या हातात पुस्तक पडणार नाही त्यांच्या कानात ते घालायचं होतं. त्याआधी, 1930 च्या दशकात, भीमराव कर्डकांचे जलसे हेच काम गावोगाव करत होते. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही 2004 च्या मे-जूनमध्ये, महिना-दीड महिन्याच्या अंतराने गेले. तोपर्यंत त्यांची गाणी निदान कॅसेटवर तरी पूर्ण वाजत होती.

मावशींना मुखडा म्हणजे पुस्तकाचं नुसतं कव्हर. त्यांचा नातू नऊ वर्षांचा आहे. त्याच गाण्याचा मुखडा तो खणखणीत म्हणतो. मी विचारलं, "पुढे काय आहे रे?" तर त्याने पुढे तोंडाने ढिचॅक-ढिचॅक वाजवून दाखवलं. सगळे हसले. मावशीही हसल्या, मग म्हणाल्या, "त्याच्या गाण्यात पुढं तेच हाय."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण पोराचं काहीच चुकलेलं नाही. त्याने जेवढं ऐकलं तेवढं पाठ केलं. कोणी कोणाचा इतिहास पुसला नाही, कोणी बंदी घातली नाही. फक्त अंतरा ठोक्यावर बसवायला दोन तास लागतात, म्हणून तो गाळला गेला.

हे मी भाच्याला सांगितलं. भाषण नाही दिलं, नुसतं पोराचं ढिचॅक-ढिचॅक सांगितलं. तो काही बोलला नाही. पण फेब्रुवारीत गावातल्या एका हळदीला त्याने एक प्रयोग केला. नेहमीचंच गाणं, पण आधी दोन अंतरे पूर्ण, सावकाश, खाली नुसती हलगी. मग मुखडा, आणि मग त्याचा तो छाती हादरवणारा ठोका. पोरं सुरुवातीला हात खिशात घालून उभी राहिली. दोघं-तिघं खरंच पाणी प्यायला गेले. पण मांडवात बसलेल्या बाया गायला लागल्या. त्यांना दोन्ही अंतरे येत होते. त्या गात गात उठून पुढे आल्या, आणि मग ठोका पडला.

"मामा, उडी डबल बसली," रात्री एक वाजता त्याचा फोन. "तेच गाणं, तोच बेस. पण उडी डबल."

बसणारच. आधी चरण, मग गजर. यात नवीन काही नाही, शेगावच्या वाटेवरचा कुठलाही टाळकरी त्याला हे फुकट सांगू शकला असता. तरी त्याने सगळीकडे असं सुरू केलं असं समजू नका. चौकातल्या मिरवणुकीत अजून मुखडाच वाजतो, कारण मागच्या गाडीचा भोंगा काही थांबत नाही. कर्जाचे हप्तेही थांबत नाहीत. पण हळद, बारसं, घरभरणी, जिथे बाया पुढे असतात, तिथे तो आता अंतरे ठेवतो.

आणि मार्चमध्ये तो आपणहून खामगावला मावशींकडे जाऊन आला. बाजेवर बसून त्यांनी ते गाणं त्याच्या मोबाइलमध्ये गायलं. त्याच्या संगणकात जे ध्वनिमुद्रण आहे त्यात अंतरे तीन. मावशींना पाच येतात. उरलेले दोन कुठून आले विचारलं तर म्हणाल्या, आमच्या वस्तीत असंच म्हणत होते. ते दोन अंतरे आता निदान त्या मोबाइलमध्ये आहेत.

पुढच्या हंगामाच्या मिक्समध्ये त्यांतला कोणता घ्यायचा, यावर दोघांचं अजून जमलेलं नाही. भाचा म्हणतो एक. मावशी म्हणतात पाचही घे, लोकं काय पाणी पिऊन परत येत नाहीत का?