घाटातला आवाज

घाटात गाडीचे डोळे म्हणजे दिवे, तसं तिचं तोंड म्हणजे हॉर्न. ते तोंडच मिटलं तर?

1994 सालच्या मे महिन्यात आम्ही वरंध घाट उतरून शिवथरघळीला निघालो होतो. भोरला पोचेपर्यंत आमच्या जुन्या गाडीचा हॉर्न सर्दी झाल्यासारखा घोगरा झाला, मग गप्पच!

"हळूहळू जाऊ या की," आई म्हणाली.

"अगं, वळणापलीकडच्या एस.टी.ला आपण कसे दिसणार?" बाबांनी गाडी गॅरेजात नेली.

मिस्त्रीकाकांनी आधी फ्यूज पाहिला, मग तारा. करंट नीट येत होता. त्यांनी हॉर्नच उघडून दाखवला. बटण दाबलं की आतली तारेची गुंडाळी लोहचुंबक बनते आणि पातळ पोलादी पडदा ओढते. त्या ओढीने करंट तुटतो, पडदा मागे येतो, करंट पुन्हा जुळतो. हे सेकंदाला शेकडो वेळा! आमच्या हॉर्नचे पॉइंट जळले होते. काकांनी 12 व्होल्टचा नवा हॉर्न बसवला.

वाघजाईच्या देवळापाशी गरमागरम भजी खाऊन आम्ही उतरू लागलो. एका अवघड वळणावर बाबांनी हॉर्न दिला. पलीकडून उत्तर आलं, "भोंऽऽ!" बाबा कडेला थांबले. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. लाल एस.टी. सावकाश वर आली. ड्रायव्हरकाकांनी हसून हात केला. आई काहीच बोलली नाही.

तेव्हापासून आम्ही निघण्याआधी हॉर्न एकदा वाजवून पाहतो. पण शाळा-दवाखान्यापाशी उगाच नाही हं!