चिरेखाणीतला शनिवार

ठाण्याहून रात्रीच्या गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये सायकली चढवल्या. पेडलं काढली, हँडल आडवं फिरवलं, गियरच्या बाजूला जुनी चादर गुंडाळली. पहाटे उक्षी मागे पडलं तसं मी भाच्याला हलवून उठवलं. उक्षी आणि भोके या स्टेशनांच्या मधे करबुड्याचा बोगदा आहे, साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यांत लांब. ‘आत्ता आपण ज्या डोंगराच्या पोटातून चाललोय ना, तसल्याच डोंगराच्या पाठीवर सायकल चालवायची आहे,’ असं सांगितल्यावर त्याची झोप उडाली.

रत्नागिरीला सायकल घेऊन येणारे बहुतेक जण सागरी मार्ग धरतात. आरे-वारेचा चढ, गणपतीपुळे, जयगड. तो रस्ता सुंदर आहे आणि त्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मला मात्र डांबर सोडल्यावर काय आहे ते पाहायचं होतं. माउंटन बायकिंगला लागणारं सगळं या जिल्ह्यात पडून आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. उतार आहेत, खडक आहे, अरुंद वाटा आहेत. एकदा शनिवार-रविवार काढून, चौदा वर्षांच्या मुलाला सोबत घेऊन, हे तपासायचं होतं.

खरी गंमत जांभ्याची आहे. बेसाल्टचा खडक लाखो वर्षं ऊनपावसात कुजत गेला, विरघळण्यासारखं सगळं पाण्याने धुऊन नेलं, मागे लोखंडाची आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं उरली. तो हा तांबडा, भोकाभोकांचा दगड. जमिनीतून ताजा कापला की मऊ असतो, हवा लागली की घट्ट होत जातो, म्हणून तर अख्ख्या कोकणातली घरं त्याची. सायकलच्या टायरला कोरडा जांभा जसा धरून ठेवतो तसा फार थोडा खडक धरतो. पण त्याच कातळावर जिथे बारीक खर पसरलेली असते तिथे पुढचा ब्रेक जरा जोरात दाबला की चाक निसटलंच. आणि पावसाळ्यात शेवाळ धरलं की तिथे माणसालासुद्धा जपून चालावं लागतं, सायकलची गोष्टच सोडा. आम्ही गेलो ते जानेवारीत. गवत सुकलेलं, कलमांना मोहोर आलेला आणि सकाळी हवेत गारवा.

शनिवारी सकाळी आम्ही शहरापासून थोडं आत, एका वाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या बंद चिरेखाणीत गेलो. जागामालक ओळखीतले होते, त्यांना आधी फोन करून विचारलं होतं. काठावर उभं राहून मी आत पाहिलं आणि मनात म्हटलं, हे तर कोणीतरी आपल्यासाठीच आखून ठेवलंय.

चिरे एका मापाने, ओळीत कापले जातात. म्हणून खाणीच्या भिंती सरळ उभ्या आणि तळ टप्प्याटप्प्यांचा. एक चिरा उंचीचा टप्पा, पुढे दोन चिऱ्यांचा, मधे सपाट जागा, एका कोपऱ्यात ट्रक आत-बाहेर जाण्यासाठी ठेवलेला उतार. भिंतींवर यंत्राच्या पात्याच्या समांतर रेघा अजून स्वच्छ दिसत होत्या. जांभ्याचा थर संपून खाली पिवळट मऊ माती लागली की खाण थांबते. या खाणीत ती माती एका बाजूला उघडी पडली होती आणि तिच्यावर गुरांच्या खुरांचे ठसे होते. परदेशात लाकूड-मातीचे ड्रॉप आणि रॅम्प बांधून स्किल्स एरिया तयार करतात. इथे मोजमाप घेऊन दगडातच कापलेला तयार होता.

आधी तासभर सायकल न चालवता आम्ही तळ झाडला. सैल दगड बाजूला केले, आणि भेगांमध्ये हात घालायचा नाही हे मी भाच्याला बजावून ठेवलं. रत्नागिरीच्या कातळावर फुरसं असतं, रंगाने दगडात मिसळून जाणारं. काठीने ठोकूनच दगड हलवायचा.

मग सुरुवात सपाटीवर. पेडलं आडवी एका पातळीत, गुडघे आणि कोपरं मोकळी, ढुंगण सीटवरून उचललेलं, ब्रेकवर एकेकच बोट. हळू, अगदी चालण्याच्या वेगाने आठाचा आकडा काढायचा. हा भाग मुलांना कंटाळवाणा वाटतो, पण पुढचं सगळं यावरच उभं असतं. त्यानंतर एक चिऱ्याचा टप्पा. काठावर आल्यावर मुलं हटकून खाली पुढच्या चाकाकडे बघतात, आणि नजर जिथे तिथे अंग. मी टप्प्याच्या पलीकडे बऱ्याच अंतरावर एक पांढरा दगड ठेवला आणि त्याला म्हटलं, चाक विसर, त्या दगडाकडे बघत ये. तो काठाशी यायचा आणि थांबायचा. परत मागे जायचा, परत यायचा, परत थांबायचा. मी काही बोलले नाही. शेवटी एकदा नजर न हलवता आला, काठावर पाय सरळ करत वजन मागे नेलं, पुढचं चाक खाली टेकताना हात पुढे सोडले आणि मागचं चाक आपोआप उतरलं. खट् असा एकच आवाज. ‘मावशी, ते खाली गेलंच नाही, मीच गेलो,’ असं तो म्हणाला. इतकं नेमकं मला स्वतःला कधी सांगता आलं नसतं.

वाडीतले एक काका गुरं घेऊन आले होते, ते काठावर बसून सगळं बघत होते. तरुणपणी त्यांनी याच भागातल्या खाणींवर हाताने चिरे काढले होते. त्यांनी भिंतीतला एक पट्टा दाखवला, जिथे दगड पोकळ आणि ठिसूळ होता. ‘तितनं चढू नुको, बाय. त्यो धरायचा नाय,’ म्हणाले. मी पायाने दाबून पाहिलं तर खरंच कड सुटली. ज्याने दगड कापलाय त्याला विचारल्याशिवाय अशा जागी लाईन ठरवू नये, हे मी तिथे पक्कं केलं.

रविवारी भाट्याचा पूल ओलांडून पावस, पूर्णगड, मुचकुंदीची खाडी, गावखडी आणि तिथून कशेळी. डांबरी तुकडे लागले तेवढे घेतले, बाकी जमेल तिथे वाडीतल्या वाटा. पाखाडी हा प्रकार सायकलवर किती अवघड आणि किती आनंदाचा असतो ते उतरल्याशिवाय कळत नाही. जांभ्याच्या पायऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या पायांनी मधोमध झिजलेल्या, दोन्ही बाजूंना गडगे, वरून फणसाची नाहीतर आंब्याची सावली आणि वळणावर अचानक कोणाचं तरी खळं. तिथे वेग चालत नाहीच. समोरून पातेऱ्याचा भारा डोक्यावर घेतलेल्या बाया चढत येत असल्या की उतरायचं, सायकल गडग्याला टेकवायची आणि वाट द्यायची. वाट त्यांची आहे. गुरांसाठी लावलेलं बेडं उघडलं तर मागे लावूनच पुढे जायचं.

पाखाडीकडे मी आणखी एका कारणासाठी बारकाईने बघत होते. ट्रेल बांधणाऱ्यांचा पहिला शत्रू पाणी. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि सरळ उतारावरची मातीची वाट अशा पावसात दोन-चार वर्षांत घळ होऊन जाते. पाखाडी तशीच सरळ उतरते, तरी टिकते, कारण पायरी मातीला धरते आणि पाणी कडेच्या पन्हळीतून पऱ्याला जातं. जिथे पायऱ्या उखडल्या होत्या तिथे शेजारची माती गुडघाभर वाहून गेलेली दिसली. ट्रेल म्हणून नवं काही खणण्याआधी या पायऱ्या परत बसवणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वाडीलाही त्याच हव्या आहेत.

मग सडा लागला. इथे मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे.

सड्यावर पोहोचलं की पाय शिवशिवतात. चारी दिशांना मोकळा कातळ, कुठूनही कुठेही जाता येतं. नेमकं हेच वाईट. वाट नसल्यामुळे प्रत्येक जण आपली लाईन काढतो आणि काही हंगामांत अख्खा सडा चाकांखाली जातो. कशेळीच्या सड्यावर हत्तीची आकृती कोरलेली आहे, सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, आणि तिच्या पोटात कितीतरी प्राणी. कोकणातली अशी कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात ठिकाणं आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात, दुपारी त्याच रेषा शेजारी उभं राहूनही सापडत नाहीत. सायकलवरून जाणाऱ्याला त्या दिसण्याची शक्यताच नाही. आणि यादीत आलेली शिल्पं म्हणजे सगळी नव्हेत, अजून सापडत आहेत.

शिवाय सुकलेला दिसणारा हा कातळ सुकलेला नसतो. खळग्यांतल्या चिमूटभर मातीत बिया आणि कंद झोपलेले असतात. जूनच्या पावसाबरोबर दीपकाडीची पांढरी फुलं येतात, जी जगात फक्त कोकणपट्टीतल्या अशा सड्यांवरच आहेत, पुढे गेंद आणि सीतेची आसवं येतात. कासच्या पठाराला गर्दीपायी कुंपण घालावं लागलं, माणसांच्या संख्येवर मर्यादा आणावी लागली. आपण ती वेळ येऊ देऊ नये.

आम्ही सायकली रस्त्याच्या कडेला ठेवल्या आणि कशेळीच्या हत्तीपर्यंत चालत गेलो. भाच्याने विचारलं, ‘एवढा मोठा दगड, टायरने काय होणार?’ प्रश्न रास्त होता. एका टायरने काही होत नाही. या खेळाचा इतिहासच त्याला सांगितला. १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीत काही मित्रांनी जुन्या जाड टायरच्या सायकलींवरून डोंगरउताराची रीपॅक शर्यत सुरू केली. त्यातून हा सगळा खेळ उभा राहिला, १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला. पण तोवर त्याच मरिनच्या कितीतरी अरुंद वाटांवर सायकलला बंदी आलेली होती. चालणाऱ्यांशी, घोडेस्वारांशी भांडणं विकोपाला गेली होती. त्यातूनच १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या क्लबांना एकत्र येऊन संघटना काढावी लागली, वाटा वाचवायला आणि सायकलवाल्यांना वागणं शिकवायला. आपल्याकडे भांडण सुरू व्हायच्या आधीच हे शिकता येईल.

म्हणून माझं मत ठाम आहे. शिकायला बंद चिरेखाणी घ्याव्यात, जिथे जमिनीचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलंय. फिरायला पाखाड्या आणि गाडीवाटा, ग्रामपंचायतीला विचारून. उघड्या सड्यावर चाक नको, कोणत्याच ऋतूत नको.

परतायच्या आधी जागामालकांकडे चहाला गेलो तेव्हा खाण शिकायला वापरू देण्याच्या अटी त्यांनी स्वतःहून सांगितल्या. जून ते ऑक्टोबर खाणीत पाणी साठतं, ते गुरांसाठी आणि कलमांसाठी लागतं, तेव्हा कोणी यायचं नाही. ट्रकच्या उतारावर काही बांधायचं नाही. हेल्मेटशिवाय पोर दिसलं तर ते सगळ्यांना परत पाठवणार. आणि वाडीतली मुलं शिकायला आली तर त्यांच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, सायकल नसेल तर आपली द्यायची. मी होकार दिला. खालच्या पाखाडीच्या उखडलेल्या पायऱ्या मे महिन्यात बसवायच्या, चिरे ते देणार आणि माणसं आम्ही आणायची, हेही तिथेच ठरलं.