डोंग्याला टोपी

मैत्रिणींनो, टोपडं बाळाला शिवतात, डोंग्याला कोणी टोपी करतं का, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या गोंदिया जिल्ह्यात कितीतरी घरांचं पोट तळ्यावर चालतं. नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा ही नावं तुम्ही सहलीसाठी नाहीतर पक्ष्यांसाठी ऐकली असतील. आम्हाला ती मासळीची. अशा घरात डोंगा म्हणजे दुसरी चूलच!

आमचा डोंगा फळ्यांचा, मागून चौकोनी. मागची आडवी फळी इंचभर जाड. जाळं तिच्यावरून ओढायचं, बांबू तिच्यावर टेकायचा आणि पावसाचं पाणी तिच्याच वरच्या कडेत मुरायचं. गंमत अशी, की कायम पाण्यात बुडालेलं लाकूड लवकर कुजत नाही. कुजतं ते सारखं भिजणारं-वाळणारं. कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते, तशी हवाही लागते. त्यातून फळीची कापलेली टोकं तर फारच नाजूक. तणसाच्या जुडीतून चढावं तसं पाणी त्यांतून आत चढतं.

एका उन्हाळ्यात तळं आटलं, डोंगा काठावर ओढला, तर ही कड काळी पडलेली. मामाजी म्हणाले, "वरतून पत्रा ठोकून देऊ. दिसते कोणाले?" ह्यांनीही मान डोलावली. पण आमचा थोरला त्याच डोंग्यातून पहाटे बापाबरोबर जाळी काढायला जाऊ लागला होता. माझ्या जिवाला काही ते पटेना. पोती शिवायचं दाभण आणलं आणि कडेत टोचून पाहिलं. चांगल्या लाकडात दाभण अडतं. इथे लोण्यात गेल्यासारखं आत गेलं. मग कोणी काही बोललं नाही.

कौलांसाठी ठेवलेले भिशीचे पैसे काढले, सुताराला बोलावलं. त्यानं कुजलेली चार बोटं कड कापून सागाची नवी पट्टी जोडली. टोपीचं काम मात्र मी मागून घेतलं. माहेरी, गोंदियाला, आमच्या शेजारी पत्र्याच्या पेट्या करणारे काका राहत. त्यांच्याजवळ बसून पत्रा वळवायला शिकले होते.

"सूनबाई, डोंग्याले टोपी घालतेस का व?" मामाजी हसले.

"डोकं शाबूत असेल तरच टोपी शोभते, मामाजी!" मीही म्हटलं.

आता कृती सांगते. आधी पुठ्ठ्याचा नमुना करावा. फळीची जाडी १ इंच, दोन्ही अंगांना २-२ इंच उतार आणि कडा दुमडायला अर्धा-अर्धा इंच, अशी ६ इंच रुंद पट्टी लागते. लांबीलाही दोन्हीकडे २-२ इंच जास्त ठेवावे, म्हणजे फळीची टोकं झाकतात. तेलाच्या डब्याचा पत्रा पातळ. त्यावरचा कथलाचा थर खरवडला की गंज धरतो. त्यापेक्षा जस्ताचा हात दिलेला पत्रा घ्यावा. जस्त स्वतः झिजतं, पण आतलं लोखंड राखतं. कडा आत दुमडून लाकडी हातोडीनं बसवाव्या, म्हणजे जाळं फाटत नाही आणि बोटंही कापत नाहीत. मग पट्टी दोन फळ्यांत दाबून काटकोनात वळवावी.

लाकूड मात्र खडखडीत वाळलेलं हवं! ओल्या लाकडावर पत्रा म्हणजे गरम पोळ्यांवर घट्ट झाकण, आत घाम सुटायचाच. वाळल्यावर जवसाच्या तेलाचा हात द्यावा आणि आठ-दहा दिवस उन्हात मुरू द्यावा. तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका हं. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि तसं फडकं आपोआप पेटू शकतं. नंतर डांबराचा थर देऊन त्यावर टोपी दाबावी. खिळे जस्ताचेच, तेही अंगाला. माथ्यावर मारले तर पाण्याला वाटच करून दिल्यासारखं. पितळी खिळे नकोत, त्यांच्या संगतीनं ओलीत जस्त लवकर संपतं. खालची कड किंचित बाहेर काढावी, म्हणजे थेंब तिथूनच सुटतो.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. आता डोंगा काठावर आला की मामाजी स्वतःच दाभण मागतात!

तुमच्या दारी डोंगा नसेल, पण मोरीचं दार तर असेल? त्याची खालची कड कुजली की आपण वरून पत्र्याची पट्टी मारतो आणि निश्चिंत होतो. पुढच्या वेळी पट्टी मारण्याआधी दाभण टोचून बघा. कुजकं आधी काढा, लाकूड वाळवा, मगच झाका. आणि हे काम करायला हात कुणाचा, हे पत्र्याला कळत नाही बरं का!