पडद्यावरील नदी

शिक्षकाच्या हातीं नवें साधन आलें कीं आतां शिक्षणाचें रूप पालटणार, अशी ग्वाही प्रत्येक पिढींत कोणी ना कोणी देतच असतो. ज्या दगडी पाटीकडे आज कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं, ती पाटीहि एके काळीं नवलाचीच वस्तु होती. तिच्या आधीं आपल्याकडे धूळपाटी होती. लांकडी फळीवर बारीक धूळ पसरावी, बोटानें किंवा काडीनें अक्षर गिरवावें, आणि हात फिरवून पुसून टाकावें, इतकाच तो खटाटोप. अँड्र्यू बेल नांवाचे एक पाद्री १७८९ पासून मद्रासजवळील एग्मोर येथील अनाथाश्रमाची व्यवस्था पाहत होते. तिकडच्या देशी शाळेंतील मुलें वाळूंत बोटानें अक्षरें काढतांना त्यांच्या दृष्टीस पडलीं. तो प्रकार त्यांनीं आपल्या शाळेंत आणिला, आणि पुढें इंग्लंडांतहि नेला. साधनांचा ओघ नेहमीं पश्चिमेकडून पूर्वेकडेच येतो असें मानणाऱ्यांनीं म्हणून थोडें सबुरीनें घ्यावें. नंतर पाटी आली, काळा फळा आला, आकाशवाणी आली. पुण्यास १९८४ सालीं बालचित्रवाणी निघाली, तिचे पाठ दूरदर्शनवरून घरोघर पोंचले, आणि २०१७ मध्यें ती बंदहि झाली. फळा मात्र अजून भिंतीवर आहे.

हा सारा इतिहास आठवण्याचें कारण असें कीं, आम्ही सध्यां शिक्षकाच्या धंद्यांत उमेदवारी करीत आहों. डी. एल. एड. च्या दुसऱ्या वर्षीं विद्यार्थ्यानें कांहीं आठवडे प्रत्यक्ष शाळेंत राहून शिकवावें असा नियम आहे. ‘आंतरवासिता’ असें त्याला भारदस्त नांव असून, तिच्या निमित्तानें आम्ही मार्कंड्याच्या आसपासच्या एका प्राथमिक शाळेंत जाऊं लागलों. प्रत्येक पाठाचें टाचण आधीं लिहून दाखवावें लागतें. त्या टाचणाच्या तक्त्यांत उद्दिष्ट, पूर्वज्ञान, मूल्यमापन इत्यादि रकान्यांच्या शेजारीं ‘तंत्रज्ञानाचा वापर’ असा एक रकाना असतो. तो रिकामा राहिल्यास निरीक्षकांच्या कपाळाला आठी पडते. तो भरला, मग कशानेंहि कां भरलेला असेना, म्हणजे आठी पडत नाहीं. गुण या रकान्याला आहेत. मुलाच्या प्रश्नाला मात्र तक्त्यांत रकानाच नाहीं.

मार्कंडा ज्यांनीं पाहिलेलें नाहीं अशा वाचकांसाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. हें गांव गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यांत वैनगंगेच्या कांठीं आहे. हा जिल्हा १९८२ सालीं चंद्रपुरांतून वेगळा निघाला. त्यापूर्वीं हें सारें चांद्याचेंच अरण्य. नदीच्या उंच कांठावर एका आवारांत जुन्या देवळांचा समूह आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत त्यांचें सविस्तर वर्णन लिहून ठेविलें. महाशिवरात्रीस येथें मोठी यात्रा भरते. या स्थानाचें माहात्म्य मात्र देवळांइतकेंच नदीच्या एका लकबींत आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत येणारी वैनगंगा येथें वळते आणि कांहीं अंतर उलट, उत्तरेकडे वाहते. उत्तरवाहिनी नदी पवित्र मानण्याची आपली चाल जुनी आहे. या एका वळणानें आमची सारी अध्यापनविद्या कशी कसाला लाविली, तेंच पुढें सांगावयाचें आहे.

शाळा लहान, चार इयत्ता व दोन शिक्षक. मुलें बहुतेक धान पिकविणाऱ्यांचीं आणि ढिवरांचीं. एका खोलींत भिंतीवर मोठा दूरचित्रवाणीसंच लाविलेला आहे. वीज असली म्हणजे तो चालतो, आणि वीज नसली म्हणजे त्यावर पांढरें कापड घालून ठेवितात. पाठ्यपुस्तकांत जागोजाग काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचे चौकोन छापलेले असतात. त्यांतल्या एकावर मोबाइल धरला कीं त्या धड्याचें चलच्चित्र सुरू होतें. अर्थात् मोबाइलला रेंज पाहिजे. ती शाळेच्या मागच्या चिंचेखालीं चांगली मिळते आणि वर्गांत मिळत नाहीं. म्हणून आम्ही आदल्या दिवशींच चिंचेखालीं उभे राहून दुसऱ्या दिवसाचें ज्ञान उतरवून घेत असूं. पाणवठ्यावरून घागर भरून आणावी, तसाच तो प्रकार होता.

पहिले दोन-तीन पाठ फार नामी झाले. पडदा उजळला कीं वर्ग चिडीचूप होई. ज्वालामुखी कसा फुटतो, हृदयांतून रक्त कसें फिरतें, हें फळ्यावर खडूनें काढून दाखविण्याची आमची ऐपत नव्हती. तें तेथें डोळ्यांपुढें घडे. आमचें वाग्वैभव एरवीं पांच मिनिटांत आटोपतें, म्हणून हें साधन आम्हांस देवासारखें वाटलें. परंतु चौथ्या दिवशीं त्या शांततेविषयींच आमच्या मनांत शंका आली. हींच मुलें दिवाळीनंतर झाडीपट्टीचीं नाटकें पाहावयास जातात. वडसा येथील मंडळ्या गांवोगांव फिरून खेळ करितात, आणि मुलें आईबापांच्या मांडीवर रात्रभर जागून तीं पाहतात. दुसऱ्या दिवशीं शाळेंत खलनायकाची नक्कल होते, गाणीं होतात, कोण खरें वागला यावर भांडणें जुंपतात. आमच्या पडद्याविषयीं दुसऱ्या दिवशीं कोणी एक शब्द काढीत नसे. तीं पाहत होतीं. पण पाहून झाल्यावर त्यांच्यापाशीं बोलण्यासारखें कांहीं उरत नव्हतें.

दुसरी गोष्ट भाषेची. पडद्यावरचा आवाज मोठा गोड आणि शुद्ध असे. तो ‘पाणी’ म्हणे, ‘लोणी’ म्हणे. आमचीं मुलें झाडी बोलणारीं. त्यांच्या घरीं ‘पानी’ आणि ‘लोनी’. पहिल्या दिवसापासून चुरुचुरु बोलणारी तिसरींतली एक मुलगी त्या आवाजानंतर उत्तर देतांना अडखळूं लागली. चुकेल म्हणून नव्हे, तर आपलें बोलणें त्या आवाजासारखें नाहीं म्हणून. तिला कोणी रागावलें नव्हतें, हंसलेंहि नव्हतें. यंत्र रागावत नाहीं, हा त्याचा गुण म्हणून सांगतात. पण गुरुजी एखादे वेळीं स्वतःच ‘पानी’ म्हणून मुलाची भीड मोडतात, तसें त्याला करतां येत नाहीं, हेंहि जोडीला सांगितलें पाहिजे.

आतां नदीची गोष्ट. पाठ होता ‘आपली नदी’. आम्हीं पडद्यावर नकाशा लाविला होता. मध्यप्रदेशांतील शिवनी जिल्ह्यांत उगम, तेथून निळी रेघ खालीं खालीं येते, वर्धा तिला मिळते, दोघींची प्राणहिता होते, आणि सिरोंच्याजवळ ती गोदावरींत शिरते. सारें यथासांग चाललें होतें. शेवटीं आम्हीं मोठ्या हौसेनें सांगितलें कीं, आपल्या मार्कंड्यास मात्र ही नदी उत्तरेकडे, म्हणजे नकाशावर अशी वरच्या बाजूस वाहते. तोंच मागच्या रांगेंतून एक ढिवराचा मुलगा उठून उभा राहिला. “गुरुजी, पानी वर कसा चढते जी?” 

वर्ग हंसला नाहीं. सगळ्यांनाच तो प्रश्न रास्त वाटला असावा. या मुलांनीं बांधींत पाणी धरलेलें असतें, वरच्या बांधींतून खालच्या बांधींत तें सोडलेलें असतें. पाणी वर चढत नाहीं हें त्यांना आमच्यापेक्षां चांगलें ठाऊक. आणि पडद्यावर तर उगम वर होता, समुद्र खालीं होता. पडदा उभा, भिंतीवर टांगलेला. त्यावर ‘वर’ म्हणजे छपराकडे, ‘खालीं’ म्हणजे जमिनीकडे. उत्तर आणि उंच हे दोन अगदीं निराळे अर्थ त्या भिंतीनें एक करून टाकिले होते. भिंतीवर लाविलेल्या कागदी नकाशानेंहि हाच घोंटाळा होतो, हें खरें. पण कागदी नकाशा काढून जमिनीवर अंथरतां येतो. बावन्न इंचांचा संच अंथरतां येत नाहीं.

चलच्चित्र आम्हीं पुन्हां लाविलें. त्यानें पुन्हां तेंच, त्याच गोड आवाजांत सांगितलें. प्रश्न कोठें अडला आहे हें त्याला कळण्याचा संभवच नव्हता. उत्तर त्यांत होतें, परंतु दुसऱ्याच कोणत्या तरी प्रश्नाचें. मग आम्हीं संच बंद केला, मुख्याध्यापकांची परवानगी घेतली, आणि मुलांची रांग करून घाटाकडे निघालों.

घाटावर एकानें पळसाचें पान पाण्यांत सोडलें. तें ज्या दिशेनें गेलें ती बाजू सर्वांनीं नीट पाहून ठेविली. खिशांतील मोबाइलमध्यें होकायंत्र होतें. तें वाळूवर आडवें ठेविलें. कांटा आणि पान यांचें एकमत झालें. पाणी उतारानेंच वाहत होतें, आणि तो उतार येथें उत्तरेकडे होता, इतकाच त्यांतला अर्थ. पण ‘उत्तर’ ही छपराकडची बाजू नसून समोरच्या वळणाकडची आहे, हें त्या मुलाला वाळूवर बसून कळलें. त्यानें काडीनें वाळूंत नदी काढली. धूळपाटीच ती. मग त्या नकाशाभोंवतीं फिरून तो उलट्या बाजूनें उभा राहिला आणि म्हणाला कीं, आतां हीच नदी खालीं जाते. भूगोलाच्या पुस्तकांत नकाशावाचनाचें प्रकरण आम्हीं दोनदां पाठ केलेलें आहे. त्यांत इतकी सोपी युक्ति नव्हती.

येथेंच थांबलों असतों तर यंत्राला नांवें ठेवून मोकळें होतां आलें असतें, आणि तसें करणें आमच्यासारख्या उमेदवारांस फार आवडतें. परंतु घाटावर उभे राहून नदीचें वळण दिसत नाहीं. दिसतो तो पाण्याचा एक पट्टा आणि पलीकडचा कांठ. मुलांनीं विचारलें, ती परत दक्षिणेकडे कोठून फिरते? तें दाखविण्यास आमच्यापाशीं मोबाइलवांचून दुसरें कांहींच नव्हतें. उपग्रहावरून घेतलेलें चित्र सुदैवानें आदल्या दिवशीं चिंचेखालीं उतरवून ठेविलें होतें. तें आडवें धरून, उत्तर उत्तरेकडे करून दाखवितांच वीस डोकीं त्यावर एकदम वांकलीं. देवळाचें आवार मुलांनीं ओळखलें, आपापली वाडी ओळखली, आणि एकानें तर बापाचा डोंगा कोठें बांधलेला असतो ती जागाहि बोटानें दाखविली. आपण रोज ज्या वळणांत राहतों तें पहिल्यानें आपल्याला अख्खें दिसलें, या आनंदानें जो गलबला झाला तो नाटकाच्या दुसऱ्या दिवशींच्या गलबल्यासारखाच होता. पडदा तोच, चित्र पाठविणारें जाळेंहि तेंच. पण भिंतीवर जें मुकें होतें तें वाळूवर बोलूं लागलें, कारण येथें मुलांचा प्रश्न आधीं आला होता.

ठिपक्यांच्या चौकोनांची जी गोष्ट वर सांगितली, ती आपल्याकडे ज्यांच्यामुळें गाजली ते रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या शाळेवर २००९ मध्यें रुजू झाले. ३ डिसेंबर २०२० रोजीं त्यांना दहा लक्ष डॉलरांचें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें, आणि त्यांतली अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम यादींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली, हें वाचकांस स्मरत असेल. वर्तमानपत्रांनीं चौकोनांचें कौतुक मनसोक्त केलें. आमच्या मनांत मात्र त्या हकीगतींतील दुसराच भाग ठसला आहे. परितेवाडींतील मुलांची घरची भाषा कानडी. पुस्तकें त्या भाषेंत नव्हतीं. डिसले आधीं ती भाषा शिकले, मुलांसाठीं पुस्तकें त्या भाषेंत आणिलीं, आणि त्यांवर चौकोन छापले. चौकोन छापण्याचें काम छापखाना करितो. भाषा शिकण्याचें काम तो करीत नाहीं. आणि ज्या शाळांत माडिया व गोंडी बोलणारीं मुलें येतात त्या आमच्या जिल्ह्यांत हा फरक थोडाथोडका नव्हे.

या विचारांत आमचा स्वार्थहि आहे, तो लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. आम्ही परीक्षा उत्तीर्ण झालों तरी जागा मिळेलच असें नाहीं. २०२३ सालीं कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव शिक्षण खात्यानें मागविले, तेव्हांपासून वीस मुलांच्या शाळेंत शिकविणाऱ्याला रात्रीं झोंप कमीच येते. मुलांना आणून सोडणारे एक पालक एकदां आम्हांस सहज म्हणाले कीं, संच जर इतकें छान शिकवितो तर उद्यां गुरुजींची बदली झाली तरी कांहीं बिघडत नाहीं. ते थट्टा करीत नव्हते. त्यांना खरेंच जाणून घ्यावयाचें होतें. आम्हीं त्यांना पाण्याच्या प्रश्नाची हकीगत सांगितली. ते नदीवर जन्म काढलेले गृहस्थ. त्यांनीं विचार करून विचारलें, “मंग पोरानं पुसलंच नसतं तं?” या एका वाक्यावर शिक्षणशास्त्राचा एक अख्खा पेपर लिहितां येईल.

परीक्षेच्या पाठास आम्हीं तोच विषय पुन्हां घेतला. संच भिंतीवर होताच. मोबाइल बाकावर आडवा ठेविला, आणि पान तरंगविण्यासाठीं शाळेच्या अंगणांत एक चर खणून ठेविला. निरीक्षकांनीं वहींत लिहिलें : ‘साधनांचा वापर चांगला, वेळेचें नियोजन सुधारावें.’ वेळ खरोखरच टळून गेली होती, कारण पाठ संपतां संपतां ती ‘पानी’वाली मुलगी उभी राहिली. तिनें बोट फिरवून चित्रांत वैनगंगेचा माग काढला होता, ती वर्धेला जेथें मिळते तेथपर्यंत ती आली होती, आणि तेथें अडली होती. वर्धाहि राहिली नाहीं, वैनगंगाहि राहिली नाहीं. दोघी मिळून तिसऱ्याच नांवाची प्राणहिता कशी झाली, असें तिनें आपल्या बोलींत, मुळींच न अडखळतां विचारलें. निरीक्षक चष्मा पुसूं लागले. आम्हीं तिला, तुझ्या घरीं याविषयीं काय म्हणतात, असें विचारलें. आज आजोबा जाळें टाकून परत आले म्हणजे विचारते, असें म्हणून ती खालीं बसली, आणि तेवढ्यांत घंटा झाली.