दोनशेदहावे नाव

डेट्रॉइटमध्ये उभे राहून कॅनडा पाहायचा असेल, तर तोंड दक्षिणेकडे करावे लागते. शाळेच्या नकाशाने कॅनडा आयुष्यभर अमेरिकेच्या डोक्यावर बसवलेला. पण येथे नदीने असे काही वळण घेतले आहे, की पैलतीरावरचे विंडसर गाव चक्क खाली येते. गेल्या दिवाळीच्या सुटीत भाच्याने मला या नदीकाठी आणून उभे केले, तेव्हा वारा असा बोचत होता की उत्तर काय आणि दक्षिण काय, दोन्ही सारखीच वाटावीत.

माझा भाचा तिथे मोटारींच्या धंद्यात इंजिनिअर आहे. त्या गावात मराठी माणूस बहुधा मोटारीच्याच वाटेने पोचतो. "मामा, तुम्हाला मोटारींचे म्युझियम दाखवू की हॉकी?" असे त्याने विचारले. म्युझियमे मी पुष्कळ पाहिली आहेत. मी हॉकी म्हटले.

हॉकी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद येतात, हिरवे मैदान येते. ही हॉकी बर्फावरची. चेंडूच्या जागी रबराची काळी चकती, तिला 'पक' म्हणतात. पायांत धारदार पात्यांचे बूट आणि मधूनमधून सरळ सरळ मारामारी. डेट्रॉइटच्या संघाचे नाव रेड विंग्ज, निशाण म्हणजे पंख फुटलेले चाक. या गावकऱ्यांची भक्तीही जगावेगळी. १९५२ साली मासळीच्या धंद्यातल्या दोघा भावांनी प्रेक्षकांतून एक ऑक्टोपस बर्फावर फेकला. करंडकासाठी तेव्हा आठ सामने जिंकावे लागत आणि ऑक्टोपसाला पाय आठ! संघाने ते आठही जिंकले. तेव्हापासून ती चालच पडली. आपण नारळ फोडतो, ते ऑक्टोपस फेकतात.

वुडवर्ड अव्हेन्यूवरच्या ज्या क्रीडागृहात आम्ही गेलो ते २०१७ सालचे. जुने, जो लुई या मुष्टियोद्ध्याच्या नावाचे, नदीकाठी होते. ते पाडून टाकले. नव्याच्या छताखाली निवृत्त केलेले अंक टांगले आहेत. थोर खेळाडूचा अंक पुन्हा कोणी अंगावर घालायचा नाही, असा तिथला मान. त्यातल्या ५ या अंकाकडे बोट दाखवून भाचा म्हणाला, "मामा, हा लिडस्ट्रॉम. ५३ वा निवडला होता." मी तीस वर्षांच्या परीक्षा पाहिलेल्या माणसाच्या सवयीने विचारले, "किती जणांत?"

इथून गोष्टीला खरा रंग चढला.

१९६३ पासून या लीगमध्ये दरवर्षी 'ड्राफ्ट' भरतो. सारे संघ अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांची नावे एकामागून एक पुकारतात. ज्याने नाव पुकारले, त्याचा त्या पोरावर हक्क. आपल्या प्रवेशयादीत पहिल्या क्रमांकाचा मुलगा नामांकित कॉलेजात जातो. तिथे नेमके उलटे. आदल्या वर्षी जो संघ तळाला, त्याचा पुकारा साधारणपणे आधी. (थोडी सोडतही असते, म्हणजे मुद्दाम हरण्याचा मोह होऊ नये.) आता संघ ३२ आणि फेऱ्या सात, म्हणजे २२४ नावे. १९८९ साली २५२ होती. पहिल्या फेरीतल्या पोरांचे फोटो छापून येतात. शंभराच्या पुढचा पोरगा बहुतेक वेळा मोठ्या लीगमध्ये दिसतसुद्धा नाही.

आता १९९९ सालची यादी पाहा. पहिले नाव पॅट्रिक स्टेफान, झेक मुलगा, उंचापुरा. दोनशेदहावे नाव हेन्रिक झेटरबर्ग, स्वीडनचा, अंगाने लहानखुरा. स्टेफान ४५५ सामने खेळला आणि त्याने ६४ गोल केले. २००७ साली तर समोर गोलरक्षक नसलेल्या मोकळ्या जाळ्यात पक घालताना तो चुकला आणि पडला. तेवढे एक दृश्यच लोकांच्या लक्षात राहिले. झेटरबर्ग १०८२ सामने खेळला, त्याने ३३७ गोल केले, २००८ च्या करंडकात सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि पुढे संघाचा कर्णधार झाला. स्टेफानची मला दयाच येते. पहिला क्रमांक त्याने मागितला नव्हता. तो इतरांनी त्याच्या गळ्यात बांधला.

झेटरबर्ग ज्याने हेरला तो हाकान अँडरसन हा स्वीडिश गृहस्थ पूर्वी हौशी लोकांना मासेमारीला घेऊन जाणारा वाटाड्या होता. १९९० पासून तो डेट्रॉइटसाठी युरोप धुंडाळू लागला. एकदा मॉस्कोत तो दुसऱ्याच एका बचावपटूला पाहायला गेला आणि नजर अडकली ती त्याच्याविरुद्ध खेळणाऱ्या एका चिमुकल्या पोरावर. तो पावेल दात्स्युक, उरलच्या बाजूचा. दोन वर्षे पात्र असूनही त्याचे नाव कोणीच पुकारले नव्हते. सांगतात, की अँडरसन त्याला पुन्हा पाहायला निघाला तेव्हा हिमवादळाने विमान रद्द झाले. त्याच विमानात दुसऱ्या संघाचाही पारखी होता आणि तोही परत फिरला. त्या दिवशी वादळ आले नसते तर? १९९८ साली १७१ व्या क्रमांकावर डेट्रॉइटने दात्स्युक घेतला. पुढे दोन करंडक, आणि २०२४ साली टोरांटोच्या हॉकीच्या कीर्तिमंदिरात प्रवेश.

इथे भाविक माणूस अँडरसनला दिव्यदृष्टी बहाल करतो. मला ते पटत नाही. दात्स्युकच्या आधी डेट्रॉइटने त्या दिवशी इतर सात मुलांची नावे पुकारली होती. झेटरबर्गच्या आधी तिघांची, आणि त्यांतला पहिला मोठ्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. हा हिरा आहे असे ठाऊक असते, तर दोनशेदहापर्यंत कोण थांबेल? अठराव्या वर्षी पोराची उंची आणि वजन मोजता येते; पुढल्या चार वर्षांत तो काय होईल, हे मोजायची पट्टी कोणाकडे नाही. डेट्रॉइटने केले ते याहून साधे: जिकडे इतर संघांचे पारखी क्वचित जात तिकडे एक माणूस ठेवला, आणि पोरगा निवडल्यावर त्याला घाईने अमेरिकेत न आणता स्वतःच्या गावी वाढू दिले. दात्स्युक तीन वर्षांनी आला, झेटरबर्गही तीन वर्षांनी. हे वाट पाहणेच मला मोठे वाटते. आम्हां मास्तरांना दहा महिन्यांत निकाल लागतो.

१९८९ सालची कथा तर कादंबरीत शोभेल अशी. लिडस्ट्रॉम ५३ वा, सर्गेई फेदोरोव ७४ वा आणि व्लादिमीर कॉन्स्टांटिनोव २२१ वा. शेवटचे दोघे सोव्हिएत लष्कराच्या संघातले. ते देशाबाहेर पडणार कसे, म्हणून बाकीच्यांनी त्यांच्यावर नाव वाया घालवले नाही. डेट्रॉइटने रशियन जाणणारा एक वार्ताहर, कीथ गेव्ह, हेलसिंकीला पाठवला. मुलाखतीच्या मिषाने त्याने पुस्तिकेत दडवलेल्या चिठ्ठ्या दोघांच्या हाती दिल्या. फेदोरोव १९९० साली अमेरिकेतल्या स्पर्धेतून निसटला. कॉन्स्टांटिनोव १९९१ साली आला. १९९७ च्या जूनमध्ये संघाने ४२ वर्षांनी करंडक जिंकला आणि सहाच दिवसांनी मोटारीच्या अपघातात कॉन्स्टांटिनोवच्या मेंदूला जबर इजा झाली. पुढल्या वर्षी पुन्हा करंडक मिळाला तेव्हा त्याला चाकांच्या खुर्चीतून बर्फावर आणले, आणि कर्णधाराने करंडक प्रथम त्याच्या मांडीवर ठेवला. भाचा हे सांगताना गप्प झाला. तो तेव्हा पुण्यात शाळेत होता, तरी झाला.

आता तशी लूट होत नाही. प्रत्येक खेड्यातल्या सामन्याची चित्रफीत सर्वांकडे पोचते, अँडरसनसारखे पारखी सगळेच ठेवतात. सलग २५ वर्षे बाद फेरी गाठणारे रेड विंग्ज २०१७ पासून वर्षानुवर्षे तिथवर पोचू शकले नाहीत. तळाला राहिल्याने पहिल्या फेरीतली चांगली नावे त्यांना मिळत गेली, हा त्यातला विनोद.

रविवारी सकाळी सहाला भाच्याच्या मुलाचा सराव होता. (चुलत-मावस हिशेबाने चाळिशीतच आजोबा झालो आहे.) उपनगरातल्या त्या बर्फघरात आईबाप घोंगड्या पांघरून कॉफी पीत बसले होते. पोराला यंदा दुसऱ्या तुकडीत टाकले आहे. कारण, अंगाने लहान. त्याची आई दोन दिवस जेवली नव्हती म्हणे. बाप मला हळूच विचारत होता, "मामा, खेळ सोडवून गणिताचा क्लास लावू का?" मी म्हटले, "आत्ता अकरा वर्षांचा आहे, तीन वर्षे थांब."

पोरगा बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता त्याने विचारले, "आजोबा, दात्स्युक माझ्याएवढा असताना केवढा होता?"

मला सांगता आले नाही. त्याने नाडीची गाठ दातांनी घट्ट केली आणि बर्फावर गेला.