मधले तेरा



दिवाळीआधी माळा, कपाटं, डबे सगळं खाली उतरतं, पण कॉम्प्युटर आतून कोणी झाडत नाही. घरखर्चाचा हिशेब मी त्यातच ठेवते, माझ्या बी.कॉम.चा आता तेवढाच उपयोग. तो सुरू व्हायला चहा उकळेपर्यंतचा वेळ लागू लागला, म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "काकू, यात जुना जावा आहे, तो काढून टाका. त्याच्या सुधारणा 2015 सालीच बंद झाल्यात. मागच्या दाराला कडी नसल्यासारखं आहे."

दुपारी कंट्रोल पॅनेलमधली यादी उघडली. तिथे दोन नोंदी, 'जावा 7' आणि 'जावा एसई डेव्हलपमेंट किट 7'. मला वाटलं, एकच रक्कम चुकून दोनदा चढली. सूनबाईला हाक मारली.

"दोन्ही वेगळ्या, आई. एक नुसतं वाढून घ्यायचं ताट, दुसरं म्हणजे ओटा, शेगडी, पातेली सगळं. प्रोग्राम लिहायचा तर ते किट लागतं. मीच टाकलं होतं."

तेव्हा आठवलं. 2013 साली लग्न होऊन आली, नोकरी करत होती, रात्री सगळं आवरलं की या कॉम्प्युटरवर बसायची. 2015 साली नातू झाला. तेव्हा मीच म्हणाले होते, "आपल्याकडे काय कमी आहे? कशाला हवी ती दगदग?" तिने राजीनामा दिला. आमच्यात त्यावरून एक शब्दही झाला नाही.

"काढू ना? तू लिहिलेलं जाईल का गं त्याच्याबरोबर?"

"नाही जात. त्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत. फक्त दुसरं काही त्यावर चालत असलं तर ते अडेल." बाबांची डिजिटल सही दुकानातल्या कॉम्प्युटरवर असते, इथे तसं काही नव्हतं. आधी किट काढलं, मग दुसरी नोंद. पाच मिनिटांचं काम.

पण नोंद खोडली म्हणून खातं बंद होत नाही. तिने त्या वेळी हाताने घातलेला पत्ता सेटिंगमध्ये तसाच होता. 'जावा होम' नावाची एक ओळ, आणि 'पाथ'मध्ये आणखी एक. "आई, पाथमधली तेवढीच ओळ पुसा हं. बाकीच्यांना हात लावू नका, दुसऱ्या प्रोग्रामांचे पत्ते आहेत ते." मी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं आणि तेवढीच पुसली.

खात्री करायला तिने ती काळी खिडकी उघडून जावाची आवृत्ती विचारली. उत्तर आलं की हा शब्द ओळखीचा नाही.

"आता मलाही तसंच म्हणेल," ती हसत म्हणाली. मला काही हसू आलं नाही.

खरं सांगते, जागा फारशी मिळाली नाहीच. डिस्क भरली होती ती लग्नांच्या व्हिडिओंनी, आणि ते काढायला कोणी तयार नाही!

तिचं जुनं फोल्डर उघडून पाहिलं. फाइलींपुढे वेळा होत्या, रात्रीचे साडेबारा, पावणेदोन. मी तेव्हा आतल्या खोलीत झोपलेली असायची.

"हे परत चालवायचं असलं तर?"

"नवीन किट टाकावं लागेल. 21."

"7 नंतर एकदम 21? मधले तेरा कुठे गेले?"

"आले नि गेले, आई. 2018पासून तर दर सहा महिन्यांनी नवीन येतं. मी एकही उघडून पाहिलं नाही."

मी खुर्चीवरून उठले. तिला बसायला सांगितलं. डाउनलोड व्हायला वेळ होता, आणि सूर्यास्ताला तासभर उरला होता. कणीक मळायची तिची पाळी होती, ती मी मळली.